पोथी, पाठभेद आणि फॉरवर्ड



ऑनलाइन सुरक्षिततेवर काही लिहायचं म्हटलं की एक ठरलेली यादी समोर येते. पासवर्ड कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका. यादी बरोबरच आहे. पण शाळेपासून ती इतक्या वेळा ऐकलीय की आता कानावरून नुसती जाते. शिवाय फसवणारे रोज नवी युक्ती काढतात आणि आपली यादी जुनीच राहते.

म्हणून मी जरा वेगळ्या वाटेने जाणार आहे. या सहामाहीत आपण मंडळात पाठचिकित्सा शिकलो. जुन्या पोथीत मूळ मजकूर कोणता, नंतर कुणी घुसडलेला कोणता, कुठली ओळ गळली, कुणाच्या नावावर काय खपवलं गेलं, हे ओळखण्याचं शास्त्र. तासाला बसून मला सारखं वाटत होतं की हे सगळं आपल्या खिशातल्या मोबाइलवर रोज चाललंय. मग हेच शास्त्र तिथे लावून बघूया की! सुरक्षित राहणं आणि जबाबदार राहणं हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात. मला ते एकाच सवयीचे दोन भाग वाटतात. हात हलण्याआधी मजकूर नीट वाचायचा, एवढीच ती सवय.

१. लेखनिकाचा हात

ज्ञानेश्वरी सांगून झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. एकनाथांनी तिची शुद्ध प्रत तयार केली शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली. मधली जवळजवळ तीनशे वर्षं हा ग्रंथ एका हातातून दुसऱ्या हातात नक्कल होत फिरला. नक्कल करणाऱ्याला एखादा शब्द कळला नाही, त्याने सोपा शब्द घातला. कुणाची नजर चुकली, ओळ गळली. कुणाला वाटलं इथे अजून एक ओवी शोभेल, त्याने ती स्वतः रचून टाकली. अशा भर घातलेल्या मजकुराला आपण क्षेपक म्हणतो. एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या, पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावलं की या ग्रंथात कुणी स्वतःची ओवी घातली, तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की पोथी बिघडवणारे बहुतेक लोक दुष्ट नव्हते. ते श्रद्धाळू होते. प्रेमापोटी लिहीत होते. आपल्या घरच्या ग्रुपवर कॅन्सरवरचा घरगुती उपाय पाठवणारे काका तसेच असतात. त्यांना कुणाचं वाईट करायचं नसतं. पण औषध सोडून तो उपाय करत बसलेल्या माणसाला पाठवणाऱ्याच्या चांगुलपणाचा काही उपयोग होत नाही.

आता दुसरी बाजू. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. सतराव्या शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध असल्याचं माहीत नाही. मराठीतला हा मोठा ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला तो हाताने नकला उतरवणाऱ्या माणसांमुळे. त्यांनी एकेक ओवी जपून उतरवली नसती, तर आज आपल्याकडे फक्त नाव उरलं असतं.

म्हणजे पुढे पाठवणारा हात वाईट नाही. त्याच हाताने ग्रंथ वाचतो आणि त्याच हाताने बिघडतोही. फॉरवर्डचं बटण दाबणारा प्रत्येक जण लेखनिक असतो. पोथीच्या काळी एक नक्कल उतरवायला महिने लागायचे, त्यामुळे विचार करायला आपोआप वेळ मिळायचा. आपल्याला तो वेळ मुद्दाम काढावा लागतो.

२. कापलेला शेवट

पाठभेदाचा सगळ्यात भयंकर प्रकार म्हणजे गाळलेला मजकूर. घातलेलं निदान डोळ्यांना दिसतं. गाळलेलं दिसतच नाही.

२०१८ साली आपल्या देशात एक व्हिडिओ खूप फिरला. मोटरसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांमधल्या एकाला उचलतात आणि निघून जातात. खाली लिहिलेलं असायचं की मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आलीय. तो व्हिडिओ मुळात कराचीत तयार केलेला, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करणारा होता. मूळ फितीच्या शेवटी तेच मोटरसायकलवाले मुलाला परत आणून सोडतात आणि लोकांनी मुलांकडे लक्ष ठेवावं असा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. फक्त शेवट. आणि जागृतीचा व्हिडिओ होता तो अफवेचा पुरावा झाला.

त्या वर्षी अशा अफवांनी ठिकठिकाणी माणसं मारली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भटक्या माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. पोटासाठी गावोगाव भिक्षा मागत फिरणारी ही माणसं. त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून मारलं गेलं. त्यानंतर बाराच दिवसांनी, १३ जुलैला, आपल्या कर्नाटकातच बिदर जिल्ह्यातल्या मुरकी गावाजवळ हैदराबादच्या एका तरुण इंजिनीअरचा तसाच बळी गेला. सोबतच्या मित्राने लहान मुलांना चॉकलेटं दिली, हेच संशयाला पुरलं. त्यांची गाडी पुढच्या गावाला पोचण्याआधी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पोचली होती.

या घटनांनंतर व्हॉट्सअ‍ॅपने काही बदल केले. जुलै २०१८ मध्ये ‘फॉरवर्डेड’ ही खूण आली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच चॅट्सना पाठवता येईल अशी मर्यादा घातली गेली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. त्या संदेशावर दोन बाण दिसतात. पोथीच्या शेवटी लेखनिक पुष्पिका लिहायचा: कुणी उतरवली, केव्हा, कुठे. दोन बाण म्हणजे अर्धवट पुष्पिका. त्यांतून एवढंच कळतं की हा मजकूर बऱ्याच हातांतून आलाय. पहिला हात कुणाचा, हे कळत नाही. दोन बाण दिसले की आपण सावध व्हायला हवं. प्रत्यक्षात आपण म्हणतो, ‘एवढे लोक पाठवतायत म्हणजे खरंच असणार.’

आपण बेळगावकर आहोत. घरात कोकणी किंवा मराठी, बसमध्ये कन्नड, कॉलेजात इंग्रजी, बाजारात चारही. अशा गावात भाषेवरून वातावरण तापलं की एखादा जुना व्हिडिओ नवी तारीख लावून फिरवणं फार सोपं असतं. बसवर दगड मारला जातोय, पण बस कुठली, साल कुठलं, दगड कोण मारतंय, काही दिसत नाही. वरची ओळ मात्र सगळं सांगून मोकळी होते. अशा वेळी पाठचिकित्सेचा पहिला नियम आठवायचा: मजकूर वेगळा आणि त्याच्यावर कुणी लिहिलेली टीप वेगळी. व्हिडिओतली पाटी कुठल्या लिपीत आहे, गाडीचा नंबर कुठला, पाऊस आहे की ऊन, हा मजकूर. ‘आत्ताच घडलंय, सगळ्यांना कळवा’ ही टीप. टीप झाकून मजकूर वाचून बघा. कित्येकदा दोन्ही जुळतच नाहीत.

आणि अजून एक. ‘हे खरं आहे का हो?’ असं विचारत पुढे पाठवणं म्हणजेही पुढे पाठवणंच. विचारायचंच असेल, तर ज्याला माहीत असेल अशा एकाच माणसाला विचारा. दोनशे जणांच्या ग्रुपवर प्रश्न टाकला की प्रश्नचिन्ह गळतं आणि व्हिडिओ उरतो.

आम्ही कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा आज्ञा पाठ करतो. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याबद्दल आहे. लहानपणी वाटायचं, साक्ष कोर्टात असते, आपला काय संबंध? आता वाटतं, एखाद्याबद्दलचा मजकूर पुढे पाठवताना आपण दर वेळी साक्षच देत असतो. राईनपाड्याची ती पाच माणसं कुणाची तरी शेजारी होतीच ना.

३. नाममुद्रा कुणाची?

अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं. नामा म्हणे, तुका म्हणे, जनी म्हणे. ही नाममुद्रा म्हणजे अभंगाची सही. पण सही बदलताही येते. सालोमालो हे नाव तुम्हाला आठवत असेल. तुकोबांचे अभंग घ्यायचे, शेवटी स्वतःचं नाव घालायचं आणि आपले म्हणून गायचे. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात हा सालोमालो घरोघरी पोचला. उलटा प्रकारही होतो. स्वतःची रचना करायची आणि वजन यावं म्हणून शेवटी ‘तुका म्हणे’ घालायचं. आज गुड मॉर्निंगच्या कुठल्याही वाक्याखाली पु. लं.चं, कुसुमाग्रजांचं किंवा वपुंचं नाव चिकटवतात, तो हाच उद्योग. निदान आपल्या मंडळाच्या ग्रुपवर तरी पुस्तकाचं नाव सांगता येत नसेल तर लेखकाचं नाव घालायचं नाही, असा नियम करूया.

ऑनलाइन फसवणूक म्हणजे बहुतेक वेळा हाच खेळ, खोट्या नाममुद्रेचा. मित्राचा फोटो लावलेलं नवं खातं येतं आणि ‘अडचणीत आहे, पाच हजार पाठव’ म्हणतं. बँकेच्या नावाने संदेश येतो. पोलिसांच्या नावाने व्हिडिओ कॉल येतो. दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. मोबाइल किंवा संगणक वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं कलम ६६डी खाली येतं. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

‘डिजिटल अरेस्ट’चं उदाहरण घ्या. माझ्या मावशीला असा फोन आला होता. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला अटक झालीय, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. गणवेशातला माणूस समोर पडद्यावर. मावशी थरथरत होती. तेवढ्यात शेगडीवरचं दूध उतू जायला लागलं. ‘थांबा हं, दूध उतू जातंय,’ म्हणून ती उठली. गॅस बंद करताना शेजारच्या काकू दारात आल्या, त्यांनी चेहरा बघून विचारलं आणि सगळा डाव तिथेच मोडला. आमच्या घरात आता हा विनोद झालाय. पण मावशी वाचली ती त्या दोन मिनिटांच्या खंडामुळे. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हे स्पष्ट सांगितलं आणि थांबा, विचार करा, मग कृती करा असा सल्ला दिला.

आता हा फोन साहित्याचा विद्यार्थी म्हणून वाचा. बोलणारा कोण असल्याचं सांगतोय? अधिकारी. भाषेचा सूर कुठला? आधी धाक, मग आधार. कथेत वेळ किती दिलाय? अजिबात नाही. कथेतल्या दुसऱ्या पात्रांना प्रवेश आहे का? नाही, कुणाला सांगायचंच नाही. आणि कथा शेवटी कुठे पोचते? पैशांवर. अधिकार, घाई, गुप्तता आणि पैसे, ही चार सूत्रं एकत्र आली की ती रचलेली गोष्ट समजायची. वरची वेशभूषा बदलते. आज पार्सल, उद्या वीजबिल, परवा घरबसल्या नोकरी किंवा शिष्यवृत्ती. रचना तीच राहते.

एक सूचना इथे करायलाच हवी. पूर्वी अशुद्ध भाषेवरून खोटा संदेश ओळखता यायचा. ‘प्रिय ग्राहक आपले खाते आज रात्री बंद होणार आहोत’ असली मराठी वाचली की आपण हसायचो. आता एआयकडून कुणीही नीटस मराठी लिहून घेऊ शकतो आणि ओळखीच्या माणसाच्या आवाजाची नक्कलही करून घेऊ शकतो. तेव्हा शैलीवर जाऊ नका, मागणी वाचा. समोरचा ओटीपी, पिन, पैसे, फोटो किंवा स्क्रीन शेअर मागत असेल, तर भाषा कितीही गोड असो, फोन ठेवायचा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन करायचा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. घरात एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवा. रडत आलेल्या फोनवर तो शब्द विचारायचा. आणि व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, ईमेल या तिन्हींवर दोन टप्प्यांची पडताळणी आजच चालू करा. पासवर्ड फुटला तरी दुसरं कुलूप शाबूत राहतं.

चित्रांचंही तेच. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचा पांढरं, फुगीर, फॅशनेबल जॅकेट घातलेला फोटो जगभर फिरला. तो एआयने केलेला होता. आमच्याकडेही लोकांनी तो हसून पुढे पाठवला. गंमत म्हणजे याच पोपनी खोट्या बातम्यांवर २०१८ सालीच संदेश लिहिला होता, आणि उत्पत्तीच्या पुस्तकातल्या सापाच्या गोड, अर्धसत्य बोलण्यातून त्यांनी तो विषय उलगडला होता. तो संदेश २४ जानेवारीला निघाला, लेखक आणि पत्रकारांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या सणादिवशी. पुढे २०२४ च्या संदेशात एआयबद्दल लिहिताना, अशा बनावट चित्रांचा विषय आपणही झालो आहोत, असं त्यांनी नमूद केलं. जॅकेट निरुपद्रवी होतं, म्हणून जग हसलं. तेच तंत्र एखाद्या मुलीच्या फोटोवर चालवलं जातं तेव्हा कुणी हसू शकत नाही.

४. मजकुरातला माणूस

पोथीत आणि मोबाइलमध्ये एक मोठा फरक आहे. पोथीतला पाठ बिघडला तर अभ्यासक हळहळतात. मोबाइलमधला मजकूर बिघडला तर जिवंत माणसाचं आयुष्य बिघडतं.

नेहमीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. पारंपरिक वेशभूषेच्या दिवशी काढलेला, नऊवारीतला एका मुलीचा फोटो. कुणीतरी तो उचलतं, चेहरा दुसऱ्या देहावर चिकटवतं. मग तो ग्रुपवर येतो. कुणी विचारतं, ‘हीच का ती?’ कुणी डोळे मिटलेली इमोजी टाकतं. कुणी ‘डिलीट करा रे’ म्हणतं, पण त्याआधी स्वतः सेव्ह करतं. यातल्या प्रत्येकाला वाटतं की गुन्हा पहिल्याने केला. कायदा तसं मानत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ आणि ६७ए मध्ये अश्लील मजकूर प्रसिद्ध करणाऱ्याबरोबर तो पुढे पाठवणाराही येतो. ६७ए खाली पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. मजकुरातली व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल तर कलम ६७बी लागू होतं, आणि त्यात असा मजकूर शोधणं किंवा डाउनलोड करणंही येतं.

दुसरी गोष्ट संमतीची. ‘तिने स्वतःच फोटो पाठवला होता’ हे वाक्य मी मुलांकडून ऐकलंय आणि मुलींकडूनही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ याबाबत स्पष्ट आहे. एखाद्या स्त्रीने खासगी चित्र काढायला होकार दिला असेल, पण ते पसरवायला दिला नसेल, तर ते पसरवणं गुन्हा ठरतो. एका वाचकासाठी लिहिलेलं पत्र चौकात वाचून दाखवता येत नाही, इतकं साधं आहे हे. आणि नियम लहानसहान फोटोंनाही लावा. हॉस्टेलमध्ये झोपलेल्या मैत्रिणीचा व्हिडिओ, वर्गात अडखळलेल्या मुलाची रील, भाचीचा आंघोळीचा फोटो. टाकण्याआधी विचारायचं. जी लहान आहेत, विचारल्यावर सांगू शकत नाहीत, त्यांचा टाकायचाच नाही.

आता असं कुणाच्या वाट्याला आलंच तर काय करायचं? हा भाग नीट वाचा, कारण घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी काही सुचत नाही.

पैसे द्यायचे नाहीत. धमकावणाऱ्याला एकदा पैसे मिळाले की मागणी वाढते. पुरावा पुसायचा नाही. संदेश, नंबर, खात्याचा पत्ता, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यायचे, मग ब्लॉक करायचं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर करता येते. स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या लैंगिक मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही नोंदवता येते. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ आहे. मन फार खचलं असेल तर टेलिमानस, १४४१६.

खासगी फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची सेवा आहे. ती आपल्याच फोनवर त्या फोटोचा एक अंकी ठसा तयार करते. फोटो फोनमधून बाहेर जात नाही, फक्त ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून त्या आपल्या व्यासपीठावर तो फोटो अडवतात. फोटो अठरा वर्षांखालचे असतानाचा असेल तर तसंच काम करणारी ‘टेक इट डाउन’ ही सेवा आहे.

आणि मित्र म्हणून आपण काय करायचं? ‘तू पाठवलासच कशाला?’ हा प्रश्न गिळून टाकायचा. सांगायला आलेली मुलगी किंवा मुलगा आधीच हा प्रश्न स्वतःला शंभरदा विचारून आलेला असतो. मुलंही याला बळी पडतात. अनोळखी व्हिडिओ कॉलवर जाळ्यात ओढून पैसे उकळले जातात आणि लाजेमुळे ती गप्प राहतात. धमकावणाऱ्याची सगळी ताकद या लाजेत असते. एका विश्वासू माणसाला सांगितलं की ती निम्मी होते. आई, मोठा भाऊ, एखादी सिस्टर, आपल्या मॅडम, कुणीही चालेल. सोबत जा, रांगेत सोबत उभे राहा.

५. गप्प बसणं म्हणजे जबाबदारी नव्हे

एवढं वाचून कुणाला वाटेल, मग काही लिहूच नये. तसं मला म्हणायचं नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर प्रश्न विचारला. तिच्या मैत्रिणीने तो ‘लाइक’ केला. दोघींना अटक झाली. दोघीही जवळपास आपल्याच वयाच्या. त्यानंतर कायद्याच्या कलम ६६ए ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. आव्हान देणारी कायद्याची विद्यार्थिनी होती. तो ‘श्रेया सिंघल’ खटला आपण सगळ्यांनी माहीत करून घ्यायला हवा.

म्हणजे आपलं मत स्वतःच्या नावाने मांडणं हा आपला हक्क आहे. स्वतःची नाममुद्रा घालून लिहिणारा माणूस जबाबदारी घेतो. नाव लपवून दुसऱ्याची बदनामी करणारा ती झटकतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा फरक समजावून सांगायची गरज नसावी.

वाचनाचे पाच प्रश्न

कुठलाही संदेश, फोन, फोटो समोर आला की:

१. मूळ हात कुणाचा? मला पाठवणारा नव्हे, पहिला लिहिणारा.
२. मजकूर काय आणि त्यावरची टीप काय?
३. काय गाळलंय? आधीचं, नंतरचं, तारीख, ठिकाण.
४. माझ्याकडून काय हवंय? पैसे, पिन, फोटो, राग, घाई?
५. यात कुणाचं नाव किंवा चेहरा आहे, आणि ती व्यक्ती हे वाचत बसली असती तर मी पाठवलं असतं का?

पाचपैकी एका प्रश्नाचंही उत्तर मिळत नसेल तर तो मजकूर आपल्यापाशीच थांबवायचा. न पाठवल्याने कुणाचं काही बिघडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

पुढच्या बैठकीसाठी अभ्यास

अ) आपल्या घरच्या ग्रुपवरचा एक दोन बाणांचा संदेश निवडा. त्यातली नावं आणि नंबर झाकून तो कागदावर उतरवा. मजकूर एका रंगाने, टीप दुसऱ्या रंगाने अधोरेखित करा. गाळलं काय असावं, ते समासात लिहा. ज्यात कुणाचा खासगी फोटो आहे असा संदेश या कामासाठी घ्यायचा नाही.

आ) एखाद्या प्रसिद्ध लेखकाच्या नावावर फिरणारं एक वाक्य घ्या आणि ग्रंथालयात बसून ते त्याच्या पुस्तकात खरंच सापडतं का, शोधा. सापडलं तर पुस्तक आणि पान लिहा. नाही सापडलं तर तेवढंच लिहा.

इ) घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाबरोबर बसून त्यांच्या फोनवर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि १९३० हा नंबर सेव्ह करून द्या. आजी-आजोबांना पाच प्रश्न आपल्या बोलीत सांगा. ते काय म्हणाले, ते चार ओळींत लिहून आणा. त्या ओळी आपण पुढच्या अंकात घेऊ, अर्थात त्यांना विचारूनच.